झीलकऱ्याची सायकल

सकाळपासून तुलारामचा पाय घरात ठरत नव्हता. ओसरीवर येई, सायकलीकडे पाही, आत जाई, टाळांची पिशवी खुंटीवरून काढी आणि पुन्हा अडकवी. पुढ्यातला चहा निवून गेला. त्याच्या बायकोनं, चंद्रभागाबाईनं, तो परत चुलीवर ठेवला.

"अजी, बसता का जरासे? मांजरीवानी काय घिरट्या घालून राहिले? पिल्लं हरवली का तुमची?"

तुलारामनं पिशवी पुन्हा खुंटीवरून काढली. आज करडी गावच्या सप्त्यात पुंडलिकबुवांचं कीर्तन होतं. आज तो पोचला नाही तर त्याची जागा जाणार होती.

जागा म्हणजे झीलकऱ्याची. कीर्तनात बुवा अभंगाचं चरण सुरू करतात आणि श्वास घ्यायला मधेच सोडतात. ते खाली पडू न देता उचलायचं, घोळवायचं आणि बुवांच्या हाती परत द्यायचं, याला म्हणतात झील धरणं. मागे टाळकरी कितीही असोत, पहिला आवाज झीलकऱ्याचा. तुलारामचं सारं तारुण्य आणि आता म्हातारपणही या एका कामात चाललं होतं. बुवांच्या उजव्या खांद्यामागे उभं राहिलं की आपण देवाच्या पाठीशी उभे आहोत असं त्याला वाटे. किंवा देव आपल्या पाठीशी. नेमकं कोणतं, ते त्यानं कधी ठरवलं नाही.

पण गुडघा दगा देऊन गेला. आणि बुवांच्या फडाचा एक नेम होता, त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला : कीर्तनात साथ करणाऱ्यानं आपल्या मेहनतीनं यायचं. पायी या, सायकलीनं या. मोटारीत नाहीतर फटफटीवर बसून आलेल्याला श्रोत्यांत मानाची जागा, पण बुवांच्या मागे नाही. नेम जुना होता, पाटलाच्या बैलांच्या दमणीत लोळत येणाऱ्या टाळकऱ्यांना पाहून घातलेला. तरी बुवा स्वतः अजून सायकलच मारत, तेव्हा बोलणार कोण? गुडघ्यापायी तुलारामचे मागचे सप्ते चुकले आणि त्याच्या जागी मनिष उभा राहिला. करडीचाच पोरगा, कॉलेज झालेला, गळा गोड. मग बुवांचा निरोप आला : "करडीले येत असन त ये म्हणा. नाही त मनिषले पक्का करतो. जागा रिकामी ठेवता येत नाही." निरोपात राग नव्हता. म्हणून तो जास्त लागला.

तेव्हा मनालीनं सायकल हातात घेतली. मनाली ही त्याची धाकटी लेक. आयटीआय करून शहापूरच्या ई-रिक्षा दुरुस्तीच्या दुकानात लागली होती. दुकानात हल्ली साध्या सायकलींनाही मोटर बसवून देत. तिनं बापाच्या काळ्या सायकलीच्या मागच्या चाकात मोटर घातली, दांडीला लांबट बॅटरी बांधली, पॅडलजवळ चुंबकांची एक चकती बसवली. सामानात मुठीचा एक्सिलेटरही आला होता. तो मात्र तुलारामनं लावू दिला नाही.

"मूठ पिळली आन् पळाली, त फटफटीच झाली ना थे. मी पाय मारीन, मंगच चालली पाहिजे."

"तशीच चालन, बाबा. तुम्ही पाय माराल त थे जोर लावन. तुम्ही थांबले का थे थांबन."

जेवणं झाल्यावर सायकल गल्लीत काढली. मनालीनं मागून कॅरियर धरलं. तुलाराम बसला, दोन्ही पाय पॅडलवर ठेवले, आणि तसाच बसून राहिला. पाठ ताठ, मान जराशी उजवीकडे कललेली. सायकल हालेना. मनालीनं बटण पाहिलं, दिवा लागलेला. तारा पाहिल्या, ठीक होत्या. तुलारामच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"बिघडली वाटते गा पोरी. आजच बिघडायची होती?"

"बाबा, तुम्ही कायची वाट पाहून राहिले?"

"थे सुरू होण्याची. सुरू झाली का मी लगेच धरतो ना."

मनालीनं कॅरियर तसंच धरून ठेवलं, पण हसू आवरेना तिला. "अवो बाबा, थे तुमची वाट पाहून राहिली! आधी तुम्ही, मंग थे."

ओसरीवरून चंद्रभागाबाई म्हणाली, "घ्या. दोघंही झीलकरीच जमले. आता बुवा कोठून आणा?"

तुलाराम हसला नाही. ते त्याला कुठेतरी टोचलं. आयुष्यभर दुसऱ्यानं सुरू करायचं आणि आपण उचलायचं, हीच सवय अंगात मुरलेली. आधी आपण, हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. त्यानं ओठ आवळून पॅडल मारलं. चाकात हलका घुमघुम आवाज झाला आणि सायकल अशी पुढे सरकली, जणू कुणीतरी पाठीला प्रेमानं हात लावला.

"दुपट्टा घेतला का?" चंद्रभागाबाई ओरडली.

घेतला होता. पण गावाबाहेर पडताच त्यानं तो खांद्यावरून काढून बॅटरीभोवती गुंडाळला. का गुंडाळला ते स्वतःलाही सांगितलं नाही.

थंडीचे दिवस. धान कापून झालेलं, रिकाम्या बांध्यांमधून लाखोळीचं पीक हिरवं दिसत होतं. धानाच्या रचलेल्या पुंजण्यांवर बगळे बसले होते. एरवी अशा रस्त्यानं तो आज म्हणायच्या अभंगांची चाल घोळवत जाई. आज एकही चाल तोंडात ठरेना. एक धरली की सुटे, दुसरी अर्ध्यात अडके. पाय फिरत होते, गुडघा दुखत नव्हता, आणि तेच मनाला खात होतं. हे आपण चाललो की नेले जातोय? पॅडल थांबवून पाहिलं, घुमघुम थांबली. पुन्हा मारलं, पुन्हा लागली. थोडं पुढे जाऊन परत थांबवून पाहिलं. धान घेऊन चाललेल्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न मारला आणि ओरडला, "बाबा, चालायचं हाये का थांबायचं हाये, ठरवा ना!"

करडीच्या अलीकडे रस्ता तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, चढतो. तिथे त्याला बुक्का आठवला.

साथीला येणारा प्रत्येक जण बुवांच्या पाया पडे. बुवा त्याच्या घामेजल्या कपाळावर अंगठ्यानं बुक्का ओढत. तो बुक्का म्हणजे मागे उभं राहायची परवानगी. तुलारामनं कपाळावर हात फिरवला. कपाळ कोरडं. पाटीसारखं कोरडं.

त्यानं बटण दाबून मोटर बंद केली. चढ आपल्या पायानं चढू, घाम येईल, निदान तेवढा तरी खरा येईल. पहिल्या पायाला सायकल जडशीळ झाली. मोटरचं नि बॅटरीचं वजन आता उलटं ओढायला लागलं. दुसऱ्या-तिसऱ्या पायाला गुडघ्यात अशी कळ उठली की डोळ्यापुढे काजवे चमकले. तो उतरला. घाम आणायचा तर गुडघा जातो, आणि गुडघा गेला तर कीर्तनभर उभं कोण राहील? झीलकरी बसून चालत नाही. बुवा नाचतात, त्यांच्यामागे हलावं लागतं.

पलीकडून करडीच्या देवळाच्या भोंग्यावर मृदंग लावल्याचा आवाज येत होता. थाप, मग थांबणं, मग थाप. आता पोचलंच पाहिजे.

तो पाळीवरून खाली उतरला, तलावाचं पाणी ओंजळीत घेतलं आणि कपाळावर मारलं. मानेवरही मारलं. मग पुन्हा मोटर लावून सायकलीवर बसला, आणि देवळापर्यंत एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

मंडपात सतरंज्या टाकलेल्या. बुवा आपली सायकल खांबाला टेकवून पाय धूत होते. त्यांचा सदरा पाठीला चिकटलेला. तुलारामला पाहून त्यांचा चेहरा असा खुलला, की तुलारामला तिथेच पळून जावंसं वाटलं.

"आला का गा! मी म्हणतच होतो, तुलाराम काही राहत नाही."

तुलाराम वाकला. बुवांनी बुक्क्याची डबी उघडली, अंगठा बुडवला आणि त्याच्या कपाळावर ओढला. काळं पाणी ओघळून नाकाच्या शेंड्यावर आलं. बुवांचा अंगठा कपाळावरच थांबला.

"थंड हाये," ते हळूच म्हणाले.

मनिष टाळ वाटता वाटता जवळ आला होता. वाकून पाहत म्हणाला, "काका, भुवईले शेवाळ लागलं हाये तुमच्या. घामाले शेवाळ कवापासून येऊन राहिलं?"

दोघं-तिघं टाळकरी हसले. बुवा हसले नाहीत. त्यांनी भुवईवरचं ते हिरवं शेवाळ चिमटीनं काढलं आणि तुलारामच्या तळहातावर ठेवलं.

मग तुलारामच्यानं राहवलं नाही. त्यानं सायकलीजवळ जाऊन बॅटरीवरचा दुपट्टा सोडला आणि सगळं सांगितलं. गुडघा, मोटर, पाळ, तलाव, सारं.

"मोटरच हाये मंग," मनिष म्हणाला. "नेम त साफ हाये, बुवा. उद्या मीबी गाडीवर येतो, आन् म्हणतो घाम पेट्रोलले आला."

बुवांनी हातानं त्याला थांबवलं. सायकलीभोवती एक चक्कर मारली. चुंबकांच्या चकतीवर बोट टेकवलं. "हे बसल्या बसल्या चालते?"

"नाही जी. पाय मारला तरच. पोरगी मुठीचंबी देत होती, मी नाही म्हटलं."

"पाय थांबवला त?"

"थेबी थांबते. आधी मलेच मारा लागते. निघताना मी तिची वाट पाहत बसलो, थे माही वाट पाहत बसली."

बुवांच्या मिशीत काहीतरी हललं. त्यांनी देवळाच्या पायरीकडे पाहिलं. लोक येऊन बसायला लागले होते. बाया पुढे, पुरुष मागे. मृदंगवाल्यानं शाई दाबून पाहिली आणि बुवांकडे बघितलं.

"तुलाराम," बुवा म्हणाले, "माह्या बापानं नेम घातला तवा अशी सायकल नव्हती. असती त त्यानं काय म्हटलं असतं, मले सांगता येत नाही. तू नेम मोडला असं म्हणायले माही जीभ उठत नाही, आन् पाळला असंबी म्हणवत नाही. सायकलचा मले राग नाही." ते थांबले. "पाण्याचा हाये. देवापुढे येताना तलाव कपाळाले लावून आला तू."

तुलारामनं मान खाली घातली. हातात अजून ते शेवाळ होतं.

बुवांनी डबी बंद केली नाही. ती त्याच्यापुढे सतरंजीवर ठेवली. "मी लावत नाही. हे डबी. लावून उभा राह्य, न लावता उभा राह्य, नाही त लोकायत बस. मी काही म्हणणार नाही, आन् मनिषबी म्हणणार नाही. तूच सांग आता."

आणि ते वीणा गळ्यात घालून देवापुढे गेले.

तुलाराम उभाच राहिला. कुणीतरी सांगावं म्हणून त्यानं मृदंगवाल्याकडे पाहिलं, तो मृदंगाची वादी ओढत होता. मनिषकडे पाहिलं, त्यानं नजर टाळांकडे वळवली. टाळकरी एकेक करून रांगेत जात होते, सगळ्यांच्या कपाळावर काळी रेघ. डबी उघडी होती. चिमूटभर उचलली तर कुणी काही म्हणणार नव्हतं. बुवांनीच तसं सांगितलं होतं. आणि खाली बसलं तरी कुणी काही म्हणणार नव्हतं. म्हातारा आहे, गुडघा दुखतो, म्हणतील, आणि पुढच्या सप्त्याला त्याचं नावही कुणाच्या तोंडी येणार नाही.

मंडप शांत झाला. बुवांनी डोळे मिटले. ते सुरू करणारच होते.

तुलारामनं दुपट्ट्यानं कपाळ पुसलं. पाणी, बुक्का, सगळं, कातडी लाल होईपर्यंत पुसलं. डबीचं झाकण लावून ती बाजूच्या कट्ट्यावर ठेवली, पिशवीतून आपले टाळ काढले आणि पुढे चालू लागला. बाया पाय आवरत होत्या. एक दुसरीला म्हणाली, "याच्या कपाळावर काहून नाही व?" ते त्याला ऐकू आलं. तो मनिषच्या पुढून गेला आणि बुवांच्या उजव्या खांद्यामागे जाऊन उभा राहिला. मनिष क्षणभर तिथेच घुटमळला, मग एक पाऊल मागे सरकला.

बुवांनी चरण धरलं. वर नेलं, आणखी वर नेलं, आणि सवयीनं अर्ध्यावर सोडून दिलं.

मनिषचं तोंड उघडलं आणि मिटलं. तुलारामनं चरण उचललं.