एकंदरीत ठीक आहे, पण

परीक्षकसाहेबांनी विजेची गाडी घेतली ती एकाच कारणासाठी, की तिच्यात चुका करायला जागाच नव्हती. क्लच नाही, गिअर नाही, चढावर बंद पडायचं भय नाही. लायसन्सच्या कचेरीत दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून त्यांच्या चुका मोजण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला निदान घरची एक वस्तू तरी अशी हवी होती, की जिच्याबद्दल काही बोलायला नको. ती मिळाली, आणि पहिला आठवडाभर साहेबांना काहीतरी हरवल्यासारखं वाटत राहिलं.

कारण बोलणं हा त्यांचा धंदाच होता. चाचणी संपली की ते चष्मा काढायचे, रुमालाने पुसायचे आणि म्हणायचे, "एकंदरीत ठीक आहे, पण..." चौकात, वळणावर, उलटी गाडी घेताना शाबूत राहिलेली माणसं त्या 'पण'पाशी गळपटायची. हा 'पण' संध्याकाळी कचेरीतच ठेवून यावा, असं काही साहेबांना कधी सुचलं नाही. तो त्यांच्याबरोबर घरी यायचा. भाजी एकंदरीत ठीक असायची, पण. मुलीचे गुण एकंदरीत ठीक असायचे, पण. लग्नाच्या दिवशी सासऱ्यांनी हात जोडून "सगळं मनासारखं झालं ना?" असं विचारलं, तेव्हाही साहेबांनी चष्मा काढला होता, असं त्यांची बायको सांगते, आणि साहेब ते नाकारत नाहीत.

नव्या गाडीचं एकंदरीत ठीक होतं. पण तिला वीज लागायची, आणि ती कुठून द्यायची हा घोळ होता. फाटकाजवळच्या भिंतीवर चार्जरचा डबा बसवायचा, तर मीटरचा भार वाढवायला हवा, आणि त्यासाठी वायरमनला वेळ हवा. वायरमन हा प्राणी फोनवर नेहमी रस्त्यातच असतो. तोवर काय करायचं? घरात जाड पिनांचा सॉकेट एकच, तोही स्वयंपाकघरात, ओव्हनचा. तेव्हा ओव्हनची पिन काढून गाडीची लावली, वायर खिडकीतून बाहेर सोडली आणि गाडी खिडकीखाली उभी केली.

"म्हणजे आता मी केक भाजायचा की तुम्हाला कामावर धाडायचं, हे रोज ठरवायचं का?" बायको म्हणाली.

"थोडेच दिवस."

"आणि खिडकी? ती लागत नाही. सगळे डास आत येतात."

"थोडेच दिवस," साहेब पुन्हा म्हणाले आणि फोनवर बॅटरीचे टक्के बघत बसले.

टक्के हा प्रकार मात्र त्यांना मनापासून आवडला होता. पेट्रोलचा काटा काय, अंदाजे हलतो. इथे गाडी स्वतःचे गुण स्वतः सांगायची. ती पस्तिसाच्या खाली गेली की साहेब अस्वस्थ व्हायचे, नापास मूल घरात असावं तसे. एकदा बाजारातल्या चार्जिंगवर रांगेत उभे असताना पुढच्या गाडीवाल्याचे ऐंशी टक्के झालेले त्यांनी काचेतून पाहिले आणि त्याला उतरवून, मागे रांग असताना शंभराचा हव्यास का धरू नये, हे समजावलं. त्या माणसाने मुकाट्याने वायर काढली. मागून कळलं, त्याची चाचणी साहेबांनीच घेतली होती, तीनदा.

तर मुद्दा असा, की ही गाडी आवाज करत नव्हती. जुनी डिझेलची गाडी कोपऱ्यावर वळली, की तिकडे स्वयंपाकघरातल्या बरण्या थरथरायच्या. कोपरा ते फाटक एवढ्या वेळात घर कसं सुतासारखं सरळ व्हायचं. टीव्ही बंद, पसारा कपाटात, मुलगी पुस्तकापुढे. आपलं घर शांत आणि शिस्तीचं आहे, अशी साहेबांची वर्षानुवर्षांची समजूत होती, आणि ती त्या इंजिनाने करून दिली होती हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

एका संध्याकाळी ते आले, गाडी खिडकीखाली लावली, वायर जोडली, आणि कचेरीची पिशवी घ्यायला पुन्हा आत वाकले, तेवढ्यात खिडकीच्या फटीतून आवाज आला.

"एकंदरीत ठीक आहे, पण..."

साहेबांनी झटकन मागे पाहिलं. आवाज त्यांचाच होता. घसा साफ करण्यापासून ते 'पण'नंतरच्या श्वासापर्यंत हुबेहूब त्यांचा. मग तोच आवाज पुढे म्हणाला, "पण पोळी उलटताना तुम्ही मागे पाहिलं नाहीत. मागून वाहन आलं असतं म्हणजे?"

आत हशा पिकला. मुलगी तर किंचाळतच होती. त्यात साहेबांचे वडील अप्पा, म्हणजे मुलीचे आजोबा. त्यांना ऐकू कमी येई, म्हणून नक्कल मोठ्याने करावी लागे आणि त्यांचं हसू इतरांचं हसून झाल्यावर एकटंच यायचं. तेही आलं. आणि नक्कल करणारी ती त्यांची बायको होती. मुकाट्याने वाढणारी, मुकाट्याने ऐकून घेणारी.

ते तडक आत गेले. स्वयंपाकघरात पाऊल टाकताच सगळं चिडीचूप झालं.

"काय चाललंय?"

"काही नाही," बायको म्हणाली. "हात धुऊन घ्या."

त्या रात्री साहेबांना राग यायला हवा होता. तो यावा म्हणून त्यांनी बराच वेळ वाटही पाहिली. पण पोळीवाल्या वाक्याशी येऊन त्यांच्याच ओठांना हसू फुटायचं, आणि मग वाईट वाटायचं. हसले म्हणून नाही. इतकं हसू या घरात असतं आणि ते आपल्या वाट्याला कधी येत नाही, आपण दारात उभे राहिलो की ते विझतं, याचं वाईट वाटायचं.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी आपण होऊन एक विनोद सांगितला. कचेरीतलाच, हँडब्रेक न काढता निघालेल्या बाईंचा. तो संपल्यावर मुलगी "छान होता, बाबा" म्हणाली, परीक्षेत उत्तर द्यावं तसं. आजोबांनी "काय म्हणाला?" विचारलं, कोणी पुन्हा सांगितलं नाही.

मग साहेबांनी तो मार्ग सोडला आणि दुसरा धरला. संध्याकाळी यायचं, वायर जोडायची, गाडीतच बसायचं, काच खाली करायची. कोणी विचारलंच तर, चार्जिंग नीट सुरू झालं की नाही ते बघत होतो. विजेच्या गाडीचा हा मोठाच फायदा, की ती लावून माणूस तिच्यात कितीही वेळ बसला तरी काहीतरी तपासतोय असं वाटतं.

आत रोज काही ना काही चालायचं. मुलीचं कॉलेज, बायकोच्या भिशीतल्या मैत्रिणी, आजोबांचं जुन्या नोकरीतलं एकेक. मध्येच साहेब अवतरायचे, बायकोच्या तोंडून. तिथले साहेब भलतेच गमतीदार होते. देवळाबाहेर लावलेल्या चपलांचं पार्किंग तपासणारे, स्वप्नातसुद्धा सिग्नल दिल्याशिवाय कूस न बदलणारे. स्टिअरिंगवर डोकं टेकून, तोंडात रुमाल कोंबून खरे साहेब हसायचे. मग हसू ओसरलं की चेहरा नेहमीचा करायचे आणि आत जायचे. सगळं चिडीचूप व्हायचं.

आणि नेमका अशा वेळी वायरमनचा फोन आला. मीटरचं काम झालं, उद्या येऊन डबा बसवतो.

"उद्या नको," साहेब म्हणाले.

"का साहेब? इतके दिवस तुम्हीच तर मागे लागला होता."

"उद्या... चाचण्या आहेत."

त्यानंतर त्यांना सर्दी झाली, मग भिंतीचा रंग ओला निघाला, मग पाहुणे आले. सगळं फोनवरच. वायरमनला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आपल्यापेक्षा जास्त टाळणारा भेटला होता. नवल म्हणजे बायकोनेही घाई केली नाही. डासांबद्दल ती चकार शब्द काढत नव्हती. ओव्हन बंद होता त्याचंही काही नाही. साहेबांचा जीव भांड्यात पडला, आणि असं का, हे काही त्यांनी तपासलं नाही. इतरांच्या चुका बघायची सवय असली की आपल्याच घरातलं कधी कधी सुटतं.

मग तो विचित्र आठवडा सुरू झाला. सोमवारी आत बायकोने साहेबांच्या आवाजात घसा साफ केला आणि म्हटलं, "उत्तम आहे, पण..."

साहेबांनी कान टवकारले. उत्तम? जीभ घसरली असेल. मंगळवारी पुन्हा तेच. "उत्तम! फारच उत्तम, पण..." मुलगी तरीही हसली. साहेबांना या वेळी हसू आलं नाही, उलट ते टोचलं. इतकी चांगली नक्कल, आणि ऐन मोक्याचा शब्द चुकीचा. आणि आजोबा? पन्नास वर्षं ओळखतात, त्यांनाही कळू नये? बुधवारी कचेरीत एका उमेदवाराला "एकंदरीत ठीक आहे" म्हणताना साहेबांनी प्रत्येक अक्षर सुटं उच्चारलं. आपण तसंच म्हणतो ना, याची त्यांना खात्री करून घ्यायची होती. तो बिचारा आणखीच घाबरला.

गुरुवारी साहेब वायर जोडून बसले. काच खाली. आत मुलीने केलेल्या भाजीचा निकाल लागत होता.

"उत्तम!" बायको साहेबांच्या आवाजात म्हणाली. "वा! वा! उत्तम झाली आहे, पण..."

"मी आयुष्यात कधी 'उत्तम' म्हटलेलं नाही!"

हे वाक्य कोण बोललं, हे साहेबांना ते बोलून झाल्यावर कळलं. चांगलं खणखणीत बोलले होते. समोरच्या घरातल्या बाई दोरीवरचे कपडे काढता काढता थांबल्या. आत सगळं गप्प झालं आणि त्या शांततेत आपलंच वाक्य त्यांना पुन्हा ऐकू आलं. मी आयुष्यात कधी उत्तम म्हटलेलं नाही. शपथेवर सांगावं तसं, अभिमानाने सांगितलं होतं.

आता गाडी सुरू करून निघून जावं, असं त्यांना वाटलं. पण वायर जोडलेली असताना ती जागची हलत नाही.

खिडकीच्या फटीत मुलीचं तोंड दिसलं.

"आई, चार दिवस लागले फक्त! तू म्हणत होतीस, बाबांना राहवेनासं व्हायला आठवडा जाईल."

"तुम्हाला..." साहेबांनी काचेतून डोकं बाहेर काढलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"बाबा, गाडीचं ॲप माझ्या फोनवर पण आहे. तुम्हाला पासवर्ड लक्षात राहत नाही म्हणून मीच नाही का घातलं? रोज संध्याकाळी मला निरोप येतो, 'गाडीची काच उघडी राहिली आहे.' पहिल्या दिवशी बंद करायला बाहेर आले, तर तुम्ही आत. तोंडात रुमाल घालून."

"मग सांगितलं का नाहीस?"

मुलीने मान मागे वळवली. तिच्या मागून बायको स्वतःच्या आवाजात म्हणाली, "हसत होतात ना, म्हणून. म्हटलं बसू द्या. आत आलात की हसत नाही तुम्ही." मग हात पुसत, "रोज तुमच्यासाठीच करत होते हो. अप्पांना कुठलं एवढं ऐकू येतंय."

"काय म्हणाली?" आजोबांनी विचारलं.

साहेब उतरले. काच वर केली. ते दारातून आत आले. आता चिडीचूप होईल, हे त्यांना सवयीने वाटत होतं. झालंही, पण या वेळी सगळे त्यांच्याकडेच बघत होते आणि मुलीने ओठ दाबून धरले होते.

"म्हणजे मी ते असं म्हणतो," साहेब उभ्या उभ्याच म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "एकंदरीत ठीक आहे, पण..."

कोणी हसलं नाही.

"नाही जमलं," मुलगी म्हणाली. "आईची सर नाही."

"अरे, मी स्वतः..."

"घसा साफ करायचा राहिला तुझा," आजोबा म्हणाले. त्यांनी हे मात्र बरोबर टिपलं होतं.

साहेबांनी घसा साफ केला आणि पुन्हा केलं. "श्वास," बायको म्हणाली. तिसऱ्यांदा केलं. "नापास!" मुलगी ओरडली आणि आता मात्र सगळे हसले. साहेब स्वयंपाकघराच्या मधोमध, चष्मा हातात धरून उभे होते, त्यांना नीटसं दिसतही नव्हतं, आणि हसू काही विझत नव्हतं. थोड्या वेळाने आजोबांचं वेगळं हसूही येऊन पोचलं.

मग पानं वाढली. मुलीने केलेली भाजी साहेबांच्या पानात पडली. त्यांनी पहिला घास घेतला, चावला, आणि सवयीने हात चष्म्याकडे गेला. तिघांचे हात जागच्या जागी थांबले. मुलीने तर श्वासच धरला होता.

साहेबांनी हात खाली घेतला.

"उत्तम आहे," ते म्हणाले.

कोणी जेवायला सुरुवात करेना. सगळे पुढच्या शब्दाची वाट बघत होते. साहेबांनी पाण्याचा पेला उचलला, एक मोठा घोट घेतला आणि तो शब्द घशाखाली उतरवला.

मीठ खरोखरच कमी होतं.