टाकीच्या वरचे पाच थांबे

सहा नंबरची बस यापुढे पाण्याच्या टाकीपासूनच परत फिरवावी आणि टाकीच्या वरचे पाच थांबे कायमचे बंद करावेत, असे ठरले तेव्हा त्याची सूचना लिहिण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. शहर बससेवेच्या कचेरीत गेली सव्वीस वर्षे वेळापत्रके मी आखतो, फलकांवरच्या सूचना मी लिहितो, आणि अलीकडे रोज सकाळी लोकांच्या फोनवर जो निरोप जातो, म्हणजे कोणती गाडी वेळेवर आणि कोणती दहा मिनिटे मागे, तोही माझ्याच हातचा असतो. सूचना चार ओळींची होती आणि तीत एकही शब्द फाजील नव्हता. तरीही ती छापायला देण्याआधी मी घडी करून खिशात घातली आणि रविवारी स्कूटरने ताईकडे गेलो. कारण त्या पाचांपैकी तिसरा थांबा तिचा होता.

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. वाचनालयाच्या बांधणीखोलीत ती रोज अर्धा दिवस जुन्या पुस्तकांच्या शिवणी उसवते आणि पुन्हा घालते. उरलेल्या अर्ध्या दिवसात तेच काम घरी आणून करते. मेहुणे गेल्यापासून नऊ वर्षे ती चढावरच्या त्या तीन खोल्यांत एकटी आहे. गुडघे दोन्ही गेलेले. जिभेला मात्र वयाचा स्पर्श झालेला नाही.

तिने हाताची खळ पुसली, चष्मा चढवला आणि कागद खिडकीशी धरला.

"'अल्प प्रतिसादामुळे' म्हणजे काय रे?"

"म्हणजे माणसं चढत नाहीत. तीन दिवस मोजणी झाली, ताई. पाच थांब्यांवर मिळून चार माणसं. त्यातल्या दोघांनी पत्ता विचारला आणि ते चालत गेले."

"चार? अरे, मला रोज बसायला जागा मिळत नाही!"

"मोजणी कागदावर आहे."

"मग त्या कागदालाच बसव बसमध्ये. तिकिटं बघितलीस का?"

"वरचे सगळे पासवाले. पास दाखवला की झालं, तो माणूस कुठे चढला याची नोंदच होत नाही. म्हणून तर थांब्यावर माणसं बसवून मोजावं लागतं." आणि मग, जे बोलायला मी खरा आलो होतो ते बोललो. "आमच्याकडची मागची खोली रंगवून घेतली आहे. हिने पडदेही शिवलेत. तिथून वाचनालय सपाट रस्त्याने दहा मिनिटं."

ताईने चष्मा काढला.

"म्हणजे बस बंद व्हायच्या आधी पडदे तयार!"

"तसं नाही गं—"

"तसंच आहे. लहानपणी खाऊ संपवून मग विचारायचास, ताई, घेऊ का?"

तिचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. त्या निर्णयाचे मला दुःख झाले होते खरे. पण ज्या दुःखातून मोठी बहीण आपल्या घरी राहायला येणार असते, त्याला माणूस फारसा विरोध करीत नाही.

"तुझी बायको गुणाची आहे," ताई म्हणाली. "पण तिथे मी पाहुणी. पाहुणीने चहा कधी टाकायचा, हेसुद्धा दुसरं कुणीतरी ठरवतं. इथे मी पहाटे चारला उठून पुस्तकं दाबायच्या त्या प्रेसचा दांडा फिरवला, तरी कुणी विचारत नाही, बरं वाटत नाही का म्हणून. मी हलणार नाही. आणि बस गेली, तर हलावं लागेल, हेही मला कळतं. म्हणून उद्या सकाळी आठला ये. थांब्यावर नको जाऊस. घरी ये."

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला ती शिवलेल्या पुस्तकांची पिशवी घेऊन आपल्या फाटकाशेजारच्या बुटक्या भिंतीवर बसली. मी घड्याळाकडे पाहून म्हणालो की थांबा खाली एकशे ऐंशी पावलांवर आहे, गाडी यायला चार मिनिटे आहेत, आता निघायला हवे. तिने मला भिंतीवर बसायची खूण केली. बरोबर चार मिनिटांनी वरच्या वळणावरून सहा नंबर आली आणि कुणीही हात दाखवला नसताना ताईच्या फाटकासमोर, पायरी थेट फाटकाच्या फरशीला लागेल अशी, उभी राहिली.

"या ताई," ड्रायव्हर म्हणाला. त्याला सगळे मामा म्हणत. "आज सोबत कोण?" मग त्याने मला पाहिले, आणि त्याचा हात स्टिअरिंगवरून आपोआप टोपीकडे गेला.

आत चौदा माणसे होती. दिवसपाळीला चाललेली दवाखान्यातली नर्स. एकमेकांशी अबोला धरून शेजारी बसलेले एक जोडपे. आणि असेच इतर. पुढे गाडी तीन फाटकांपाशी थांबली. पहिल्यापाशी कुलपे दुरुस्त करणारे म्हातारबुवा पेटीसह चढले. एका ठिकाणी मामाने भोंगा वाजवला आणि खिडकीतून "आले, आले, चप्पल सापडेना!" असा आवाज आला, तेव्हा सगळी गाडी चप्पल सापडेपर्यंत थांबली. वाटेत मी लिहिलेले फलक अंगावर मिरवणारे तीन थांबे आले. त्यांच्यावरून गाडी अशी निघून गेली की जणू ते विजेचे खांब होते.

मोजणी चुकली कशी, हे मला त्या दुसऱ्या खांबापाशी कळले. मोजणाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे थांब्यावर चढणारी माणसे मोजली होती. समोरून गेलेल्या गाडीत किती बसले आहेत, हे लिहायला त्यांच्या तक्त्यात रकानाच नव्हता. तो तक्ता मी आखला होता.

टाकीपाशी गाडी चार मिनिटे उभी असते. मी मामाला खाली बोलावले.

"मामा, नियम अकरा ठाऊक आहे?"

"पाठ आहे, साहेब. 'नेमून दिलेल्या थांब्याखेरीज गाडी उभी करू नये.' तुम्हीच लिहिलाय."

"मग?"

"पहिल्यांदा तुमच्या ताईंसाठीच उभी केली. गुडघा धरून उतारावर उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी नर्सबाई म्हणाल्या, मी काय घोडं मारलंय? मग नाही तरी कुणाला म्हणायचं?"

"या लाडापायी त्यांचीच बस बंद पडते आहे, मामा. थांब्यावर चार माणसं निघाली."

मामाचा चेहरा उतरला. "मला वाटलं, मोजणारे गाडीकडे बघतायत. मी तर त्यांना रोज हात करायचो." मग हळूच म्हणाला, "माझे निवृत्तीला पाच महिने राहिलेत हो."

त्या चार मिनिटांत माझी कोंडी पुरी झाली. खरे लिहावे, तर मामाच्या शेवटच्या पाच महिन्यांवर डाग. न लिहावे, तर ताईचे घर गेले. दुपारी कचेरीत मी आमच्या साहेबांकडे एका दिवसाची फेरमोजणी मागितली.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिले. "तिकडे तुमच्या भगिनी राहतात ना?"

"राहतात. म्हणूनच मोजणी मी करणार नाही. नियोजन विभागातल्या बाईंनी करावी."

"आणि पहिली मोजणी का चुकली म्हणता?"

"ते फेरमोजणीनंतर लेखी देईन."

साहेबांनी गुरुवार दिला. मी मामाला बजावले, आणि मामाने सगळ्या गाडीला: गुरुवारी ज्याने त्याने आपापल्या थांब्यावर उभे राहायचे. यात खोटे काहीच नाही, अशी मी माझी समजूत घातली. चढणारी माणसे खरी, गाडी खरी, थांबाही खरा. माझ्या युक्तिवादात मला एकही फट दिसली नाही, आणि जन्मभर वाद घातलेल्या माणसाने एवढ्यावरूनच सावध व्हायला हवे होते.

गुरुवारी नियोजनच्या बाईंनी नेमका तिसरा थांबा निवडला. तिशीच्या आतल्या, मोजके बोलणाऱ्या. बाकीच्या चार थांब्यांवर त्यांची माणसे होती. आम्ही दोघे उंच दगडी भिंतीला पाठ लावून उभे राहिलो, कारण दुसरीकडे कुठे उभे राहायला जागाच नव्हती. भिंतीतल्या नळीतून गळणारे पाणी माझ्या बुटावर पडत होते.

"इथे थांबा कसा काय?" बाईंनी विचारले. मी घड्याळ पाहिले.

एवढ्यात वर फाटक वाजले आणि ताई उतार उतरू लागली. चढापेक्षा उतार गुडघ्यांना वाईट, हे मी तिच्या तोंडून शंभरदा ऐकले होते. त्या दिवशी प्रथमच पाहिले. एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात पिशवी, आणि दर दहा पावलांनी थांबणे. साठएक पावले झाली असतील तोच सहा नंबर आली. मामाला सगळी शिकवणी पाठ होती. पण एका बाजूला लंगडत चाललेल्या ताई दिसल्यावर बारा वर्षांच्या सवयीने पाय ब्रेकवर पडला. गाडी तिच्याशेजारी उभी राहिली. दार उघडले.

"चढा ताई."

"चल पुढे! मी थांब्यावर चढणार."

"अहो, इतकं अंतर—"

"तुला सांगितलंय ना? हो पुढे!"

पण पुढे जाऊन तिची वाट पाहत उभे राहणे मामाला बरे वाटेना. त्याने गाडी तिच्या मागे ठेवली आणि तिच्या पावलाने सोडली. ती थांबली की गाडी थांबे. ती निघाली की गाडी निघे. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. "डावीकडे खडी आहे, ताई!" "हळू!" "पिशवी तरी द्या इकडे!" अबोला धरलेले जोडपेसुद्धा तिने काठी का घेतली नाही यावर एकमेकांशी बोलू लागले. उरलेली शंभरावर पावले अख्खी बस एका बाईमागून चालत आली.

"गाडी बिघडली आहे का?" नियोजनच्या बाईंनी विचारले.

फेरमोजणी मागून मी हात दाखवून अवलक्षण करून घेतले होते.

ताई थांब्याशी पोहोचली, दोन्ही दांडे धरून पायरीवर चढली आणि श्वास घ्यायला तिथेच उभी राहिली. बाईंनी तक्त्यात एक रेघ मारली. मग पेन्सिल तशीच धरून त्यांनी विचारले, "आजी, तुम्ही रोज इथवर चालत येता?"

ताईने माझ्याकडे पाहिले. मी बुटाकडे पाहिले.

"रोज?" ताई म्हणाली. "मला काय वेड लागलंय? आजच आले. ह्या शहाण्याने सांगितलं म्हणून."

"मग रोज कुठे चढता?"

"दारात!" आतून सात-आठ आवाज एकदम आले, आणि मामाने कपाळ स्टिअरिंगवर टेकले.

बाई कुणावरही रागावल्या नाहीत. त्यांनी भिंतीकडे पाहिले, नळीकडे पाहिले, वर फाटकाकडे आणि खाली पुढच्या, तशाच निर्जन खांबाकडे पाहिले.

"हे थांबे इथे लावले कुणी?"

मामाने कपाळ तसेच टेकलेले ठेवले. ताईने मान फिरवली, तिने मला तेवढी सूट दिली. बावीस वर्षांपूर्वी मी स्वतः फीत घेऊन हा रस्ता मोजला होता. बरोबर चारशे मीटरांवर एक, असे पाच थांबे. एक वीतही कमीजास्त नाही. नकाशावर ते मोत्यांसारखे दिसत होते आणि त्या नकाशाचा मला अभिमान होता. त्या चारशे मीटरांत घर येते की भिंत, हे मी पाहिले नव्हते, कारण फितीवर ते लिहिलेले नसते.

"मी," मी म्हणालो. "थांबेही माझे आणि मोजणीचा तक्ताही माझा. मामांनी नियम मोडला आहे. पण तो माझी चूक निस्तरण्यासाठी. हे मी लेखी देणार आहे."

"द्या," बाई म्हणाल्या, आणि पायरी चढून गाडीत बसल्या. तो सगळा दिवस त्या सहा नंबरमधून वरखाली फिरल्या. कोण कुठे उभे असते, हे त्यांनी विचारलेही नाही, मामाला म्हणाल्या, "तुम्ही रोजच्यासारखी चालवा."

माझे टिपण तीन पानांचे झाले. साहेबांनी ते दोनदा वाचले. मामाला तोंडी समज मिळाली, मला लेखी. आणि हा न्याय झाला, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. एकशे बारा चढउतारांच्या आधारावर वरचा टप्पा कायम राहिला. नव्या सूचनेत जुने पाच थांबे रद्द होते आणि नवे सहा होते, ज्यांत कोणत्याही दोहोंमधले अंतर सारखे नव्हते.

दाराशी गाडी मात्र आता मिळायची नव्हती. नियम अकरा नियमच राहिला. तिसरा थांबा ताईचे फाटक आणि कुलूपवाल्या म्हातारबुवांचे फाटक यांच्या मध्ये, जरा सपाटी आहे तिथे, ठरला. खांब रोवायला कामगार आले त्या सकाळी मीही गेलो. खड्डा खणून झाला, तेव्हा ताई पिशवी घेऊन फाटकातून निघाली. कामगार बाजूला झाले. म्हातारबुवाही पेटी घेऊन आपल्या फाटकातून खड्ड्याशी येऊन उभे राहिले.

ती चालली. भिंत अर्ध्यावर संपते, तिथून पुढे तिने हात मोकळा ठेवला. एकदा थांबली, पण ते चप्पल नीट करायला. खड्ड्याशी येऊन तिने मागे वळून फाटकाकडे पाहिले.

"किती झाली रे?"

"एकतीस."

"परत येताना चढ आहे."

"आहे. थोडा." मी घुटमळलो. "ताई, खोली रिकामी आहे हं. अवघड जात असेल तर—"

"पडदे उन्हाने विटतील. काढून ठेवायला सांग तिला." तिने पिशवी म्हातारबुवांच्या पेटीवर टेकवली, एकदा डावा गुडघा वाकवून पाहिला, मग उजवा. कामगार खांब उचलून तिच्या तोंडाकडे पाहत थांबले होते.

"रोवा," ताई म्हणाली. "जमेल मला."