वास गेलेलं पाणी

कुन्थिआ नळाच्या पाण्याच्या तपासणीत नोकरीला होती आणि तिची सासू फाली त्याच पाण्याच्या नावाने बोटं मोडायची. "तुझ्या पाण्याला औषधाचा वास मारतो," म्हणायची आणि शेगडीवर पातेलं चढवायची. नॉमपेनमध्ये नळाचं पाणी सरळ प्यावं, हे सुनेचं पालुपद. सासू ढिम्म.

त्या दुपारी कुन्थिआ घरी आली, तर शेगडी थंडगार.

"आज ऐकलं बाई तुझं," फाली खुशीत म्हणाली. "पाणी कसं गोड आलंय. वासाचं नाव नाही."

कुन्थिआच्या चपला पायातच राहिल्या. गल्लीच्या तोंडाशी सकाळपासून गटाराचं खोदकाम चाललं होतं. पाइप फुटून त्यात गटार झिरपलं, की आधी मरतो तो हाच जंतू मारणाऱ्या क्लोरीनचा वास.

तिने पेलाभर पाणी घेऊन पिशवीतली तपासणीची गोळी टाकली. क्लोरीन असतं, तर पाणी गुलाबी व्हायला हवं होतं. ते तसंच राहिलं.

"आई, हे कोण प्यायलं?"

"मी घोटभर. आणि तुझ्या पोराला, पिसेतला, पेला भरून दिला. तूच ना म्हणतेस, उकळू नका म्हणून?"

पिसेत झोळीत झोपला होता. त्याच्या कपाळावर हात ठेवूनच तिने ऑफिसला फोन लावला आणि गल्लीचं पाणी बंद करायला सांगितलं.

फालीचा चेहरा उतरला.

"अगं, पण मी सगळ्या गल्लीला सांगून आले. म्हटलं, माझ्या सुनेचं पाणी आहे, बिनघोर प्या."