धुतलेल्या बाटल्या

मी पाणी भरते. लोकांच्या घरी जाऊन, काचेच्या छोट्या बाटल्यांत, पगारावर. रसायनांच्या कारखान्याच्या भिंतीलगत एकतीस घरं आहेत. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या बोअरच्या पाण्यात बेंझीन, कॅन्सर करणारं रसायन, सापडलं. तेव्हापासून कारखाना जमिनीतलं पाणी उपसून शुद्ध करतोय आणि तो खरंच शुद्ध करतोय की नुसता पंप फिरवतोय, हे मी दर तीन महिन्यांनी नमुने घेऊन बघते. सलग चार नमुने स्वच्छ आले की त्या घराच्या बोअरचं कुलूप निघतं. तोवर टँकर.

सातवं घर माझ्या दादाचं. त्याचे तीन नमुने स्वच्छ आले होते. चौथ्याच्या दिवशी मी पोचले तर त्याने नवा पाइप आणून ठेवलेला आणि टँकरच्या पाण्याची पिंपं घासून पालथी घातलेली. म्हटलं, "अरे, निकाल तरी येऊ दे." तर म्हणे, "नमुना तूच घेणार ना? मग झालं." आमच्या ऑफिसने त्याला दोनदा विचारलं होतं, बहीण नको, दुसरं माणूस पाठवू का? पण हा हट्टाला पेटलेला. माझ्या बहिणीइतकं चोख काम कोण करणार, असं त्याने साहेबांना तोंडावर सुनावलं होतं.

काम तसं कंटाळवाणं आहे. बोअरमध्ये साचलेलं पाणी आधी उपसून ड्रममध्ये भरायचं. मीटरवरचे आकडे स्थिर होईपर्यंत चाळीस मिनिटं पंपापाशी खांबासारखं उभं राहायचं. मग बाटली काठोकाठ भरायची, आत एक बुडबुडा राहता कामा नये. आणखी एक नियम, बाटल्यांची पेटी नजरेआड करायची नाही. बाकीच्या तीस घरी ती माझ्या पायाशी असते. इथे वहिनी दारातच हातातून काढून घेते, "दे इकडे, तिथे चिखल आहे," आणि आत ओट्यावर नेऊन ठेवते. आता सख्ख्या भावाच्या घरी पेटीवर पहारा काय ठेवायचा? कागदावर मात्र मी दर वेळी 'पेटी पूर्णवेळ ताब्यात' असं लिहून खाली सही ठोकत होते.

त्या दिवशी मीटरचे सेल संपले म्हणून मी मध्येच आत गेले. वहिनी बेसिनपाशी उभी होती. माझ्या बाटल्या फडक्यावर ओळीने पालथ्या घातलेल्या.

"वहिनी, हे काय करताय?"

"धुतेय गं. प्रत्येकीच्या तळाशी काहीतरी थेंब राहिलेला असतो. तुमचे लोक नीट विसळत नाहीत. तुला बोलणी बसायला नकोत म्हणून मी दर वेळी गरम पाण्याने धुऊन ठेवते."

दर वेळी. तो थेंब आम्लाचा असतो, प्रयोगशाळेने मुद्दाम घातलेला. पाण्यातले जंतू बेंझीन खातात. आम्ल असलं की ते मरतात. नसलं की तपासणीला लागणाऱ्या दहा-बारा दिवसांत ते बाटलीतलं बेंझीन फस्त करतात आणि निकाल येतो, पाणी स्वच्छ.

मी तिला हे जसंच्या तसं सांगितलं. तिने नळ बंद केला.

"म्हणजे आधीचे तिन्ही नमुने?"

"वाया गेले."

"ह्यांना नको सांगूस मी धुतल्या म्हणून," ती म्हणाली.

मला आधी तिचा राग आला, मग स्वतःचा, आणि तो जास्त. कशाला नाक खुपसायचं हिने? पण पेटी सोडून मीच गेले होते. थेंब नाहीत हे भरताना मलाही दिसलं नव्हतं, कारण मी बघितलंच नव्हतं. गाडीतून दुसऱ्या बाटल्या आणून नमुना घेतला. मनात आलं, हा स्वच्छ आला तर गप्प बसावं, कुणाला कळणार आहे? संध्याकाळपर्यंत तेच घोळत होतं. शेवटी साहेबांना फोन केला, तिन्ही नमुने रद्द करा, पेटी माझ्या ताब्यात नव्हती.

निकाल आला. बेंझीन मर्यादेच्या नऊपट.

कागद घेऊन मीच गेले. दादाला सांगितलं, पेटीकडे माझं दुर्लक्ष झालं, तरी ताब्यात आहे अशी सही केली, आणि बाटल्यांतला आम्लाचा थेंब धुतला गेला. वहिनीचं नाव काढलं नाही. त्याने कागद दोनदा वाचला.

"कुलूप निघालं असतं तर आम्ही हेच प्यायलो असतो."

"हो."

"काय झालं असतं?"

"लगेच काही नाही. दहा-पंधरा वर्षांनी."

आत भांड्यांचा आवाज येत होता.

"बाटल्या हिनेच धुतल्या ना?" त्याने हळूच विचारलं. "दुकानातून आणलेला कोरा चमचासुद्धा ती विसळून घेते. मला कळलंय हे तिला बोलू नकोस. तिला काय माहीत थेंब कसला ते. पण पेटी ताब्यात होती म्हणून सही तू केलीस. तीनदा."

मी मान हलवली.

"पुढच्या वेळी दुसरं माणूस पाठवायला सांग," तो म्हणाला.

तसा अर्ज लागतो, घरमालकाच्या सहीचा. मी तिथेच बसून तो लिहिला आणि सहीसाठी त्याच्यापुढे सरकवला. दादाने एकेक ओळ बोट ठेवून वाचली आणि मगच सही केली.