कडूबाईच्या वाट्याची सुई

कळंबच्या सरकारी दवाखान्यात विष्णुपंत कंपाउंडर होते. इंजेक्शनचा मोह पडलेल्या लोकांना ते न कंटाळता सांगत, "अर्धवट औषधानं रोग मरत नाही, उलट मुरतो."

१९५९ साली त्यांनी डॉक्टरांना गळ घालून एक सोय करून घेतली. लांबच्या तीन वाड्यांवरच्या क्षयरोग्यांना गावातच सुई मिळू लागली. त्यातल्या सात मैलांवरच्या एका वाडीत कडूबाई नावाची विधवा आजारी होती. तिथले शाळामास्तर अंबादास हे विष्णुपंतांचे बालमित्र. विष्णुपंतांनी त्यांना सुई टोचायला शिकवलं आणि दर बाजारच्या दिवशी आठवड्याच्या इंजेक्शनच्या बाटल्या ते त्यांच्या हाती देऊ लागले.

तीन महिने झाले तरी कडूबाईचा खोकला हटेना. मग थुंकीतून रक्त पडू लागलं. विष्णुपंतांना काही उमगेना.

एके दिवशी त्याच वाडीचा बलभीम मलम न्यायला आला.

"मास्तरांच्या हाताला लई गुण हाय," तो म्हणाला. "माझी सर्दी दोन सुयांत गेली. पाटलाच्या सुनंलाबी दिली."

"कुठली सुई?"

"तुमचीच की. कडूबाईची."

विष्णुपंत सायकल काढून थेट शाळेत गेले. अंबादासांनी पोरं बाहेर सोडली.

"कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून. एक बाटली दोघातिघांत करायचो. लोक दारात येऊन बसतात, विष्णू. या गावानं मला आजवर कधी विचारलं नव्हतं. आणि तिची काही बंद नव्हती केली."

"दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला समजावलं असतं," विष्णुपंत म्हणाले. "तुला तर सगळं ठाऊक होतं."

तिथून ते कडूबाईकडे गेले आणि झालेलं सगळं सांगितलं.

"मास्तर तर रोज यायचे," ती म्हणाली. "मी च्या करून द्यायची त्यांला."

विष्णुपंतांनी डॉक्टरांना लेखी कळवलं, त्यात स्वतःचा हलगर्जीपणाही मांडला. कडूबाईला पुन्हा पूर्ण मात्रेत इंजेक्शनं सुरू झाली, पण आता ती लागू पडेनात. फाल्गुनात कडूबाई गेली. बाकीच्या दोन वाड्यांवर विष्णुपंत रोज पहाटे स्वतः सायकलनं जाऊ लागले. तिथले रोगी बरे झाले.

वर्षभरानं अंबादास ताप आलेल्या आपल्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. विष्णुपंतांनी गोळ्या पुडीत बांधल्या.

"पाच दिवस द्या, मास्तर. मधे थांबू नका."

"विष्णू..." अंबादास म्हणाले.

विष्णुपंतांनी मागच्या माणसाची चिठ्ठी हातात घेतली.