उंद्रीच्या खलबत्त्याची युरोपस्वारी

मी एक जुना लोखंडी खलबत्ता आहे. माझ्या बोलण्यातलं किती खरं मानायचं, ते मित्रांनो, तुमचं तुम्ही ठरवा. पन्नास वर्षं पोटात मिरची गेल्यावर बोलणं थोडं तिखटमीठ लावूनच बाहेर पडतं.

मलकापूरच्या एका भट्टीत मला ओतलं. ओतणारा म्हणायचा, याच्यात मोडक्या आगगाडीचं लोखंड पडलं आहे. मला फिरायची हौस आहे ती त्यामुळेच असावी. उंद्री गावच्या सत्यभामाबाईंनी मला बाजारातून उचललं, तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. पुढे मी त्या घरात इतकं कुटलं, की त्या मिरच्या एकीपुढे एक मांडल्या तर रांग बुलढाण्याच्या कचेरीला वळसा घालून परत उंद्रीला आली असती. एकदा तर माझ्या ठेच्याचा खकाणा थेट कोर्टात पोचला, साक्षीदाराला शिंकांवर शिंका आल्या आणि खटल्याची तारीख पुढे गेली.

सत्यभामाबाईंचे चिरंजीव महादेवराव यांची मलकापुरात कापसाची जिनिंग होती. अठ्ठ्याहत्तर साली त्यांच्या मनात आलं, की आपल्या मायला परदेश दाखवावा. एक यात्रा कंपनी तीस माणसं घेऊन युरोपला निघाली होती. बहुतेक साठीच्या पुढचे, तीर्थयात्रा करून झालेले. त्यांत तरुण एकटी रुख्मिणी, महादेवरावांची लेक. ती नुकतीच बी.ए. झाली होती आणि दिवाळीनंतर तिचं लग्न ठरलं होतं. सासरी खटलं मोठं, एकदा तिथे गेलं की पुन्हा कुठे जाणं होईल, याची तिला खात्री नव्हती. तिला एकच गोष्ट पाहायची होती, बर्फ. तिनं आजवर पाहिलेला बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गोणपाटातला, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. तो डोंगरावर आपोआप पडतो, हे तिला पुस्तकात वाचूनही पटत नव्हतं.

सत्यभामाबाईंनी मला जुन्या लुगड्यात गुंडाळून पिशवीत घातलं. सोबत वाळक्या मिरच्या, लसूण, मीठ, शेंगदाणे. महादेवराव म्हणाले, "माय, तिकडं सगळं भेटते."

"ठेचा भेटते काय?"

महादेवरावांनी पिशवी उचलून गाडीत ठेवली. विमान आकाशात माझ्या बाजूला जरा कललं होतं, असं म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो.

रोमला पहिल्याच सकाळी सत्यभामाआजींनी खोलीत मांडी घातली आणि मला कामाला लावलं. तिसऱ्या घावाला खालच्या मजल्यावरचा गोरा गृहस्थ दाढीच्या फेसासकट वर आला. यात्रेचे पुढारी भगवंतराव धावत आले. माणूस सज्जन, पण सदा घाबरलेला. त्यांनी हात जोडले. "आजी, हे इथे चालणार नाही. हा खलबत्ता मी बसच्या सामानात ठेवतो. मुंबईला परत मिळेल."

मला बसच्या पोटात, पेट्यांच्या मागे कोंडलं. पन्नास वर्षांत असा अपमान झाला नव्हता.

आणि त्याच दुपारपासून आजींनी जेवण सोडलं.

बस जेवायला थांबली, की सगळे आत जात. आजीही जात, ताटासमोर बसत, आणि ताट तसंच ठेवून बाहेर येत. सकाळी चहा, रात्री कपभर दूध. बसच्या दारापाशी चाललेलं बोलणं मला पत्र्याआडून ऐकू येई.

"माय, दोन घास खाय ना."

"मले भूक नाही."

"काऊन नाही?"

"नाही म्हंजे नाही."

अकोल्याच्या अन्नपूर्णाबाई सहप्रवासी होत्या. त्या कुजबुजत, "खलबत्ता हिसकला ना, म्हणून रुसली बुढी."

मित्रांनो, हे ऐकून मी अंधारात फुलून गेलो. माझ्यासाठी कुणी अन्न सोडेल असं कधी वाटलं नव्हतं. मला वाईटही वाटत होतं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त बरं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही स्वित्झर्लंडात एका सरोवराकाठी थांबलो. दुसऱ्या दिवशी बर्फाच्या डोंगरावर जायचं होतं. पण पोचलो त्याच सकाळी आजींना बसमधून उतरताना भोवळ आली आणि भगवंतरावांचा धीर सुटला.

"महादेवराव, इथे काही झालं तर मी काय तोंड दाखवू? आज दुपारी त्या जेवल्या नाहीत, तर संध्याकाळच्या विमानानं परत पाठवतो. सोबत रुख्मिणी जाईल. इंग्रजी तिलाच येतं."

महादेवराव खाली मान घालून लेकीला म्हणाले, "बाई, तुले जा लागते."



दुपारी आजींनी पुन्हा ताट सारलं. रुख्मिणी तडक बाहेर आली. बॅगा काढायच्या होत्या. आमच्या बसचा चालक योहान नावाचा एक आडदांड, पिकल्या मिशांचा माणूस होता. तो रोजच्यासारखा बसच्या पायरीवर बसून कोरडा पाव खात होता. मी तीन दिवस फटीतून ते पाहत होतो. पण माझं लक्ष स्वतःवर.

तिनं खुणेनं सामानाचं दार उघडायला सांगितलं. योहाननं उघडलं. पेटी ओढता ओढता तिचे डोळे भरले. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, पावाचे दोन तुकडे केले आणि मोठा तिच्यापुढे धरला.

तिनं तो घेतला. पायरीवर बसून खाल्ला.

मागे आजी उभ्या होत्या. त्या कधी आल्या ते कुणाला कळलं नाही.

"पाह्यलं?" त्या म्हणाल्या. "त्याच्यापाशी एवढासा होता, त्यातला बी मोठा देल्ला त्यानं."

"आजी, तू जेवत काऊन नाही? तुह्यापायी माहा बर्फ गेला ना."

आजींनी योहानकडे बोट केलं. "आपल्या घरी गाडीवान जेवल्याबिगर ताट घेतलं काय कधी कोनी? तुह्या आज्यानं तरी? लग्नाचं वऱ्हाड असो नाहीतर मिरचीची गाडी असो. हा माणूस आपल्याले डोंगर-दऱ्यातून आणून राह्यला, अन् तीन दिवसांपासून बाहेर बसून कोरडी पावरोटी चावून राह्यला. माह्या गळ्याखाली घास कसा उतरंल?"

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"पंगत भगवंतरावाची. त्यालेच दिसलं पाहिजे. चार लोकांत म्या सांगितलं असतं, तर त्या भल्या माणसाची मान खाली गेली असती."

मित्रांनो, तीन दिवस ती बाई माझ्यासाठी नव्हे, एका परक्या माणसासाठी उपाशी होती. पेट्यांच्या मागे मी किती लहान झालो, ते लोखंडाला सांगता येत नाही.

रुख्मिणी आत पळाली आणि भगवंतरावांना घेऊन आली. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला. "आजी, आमच्यात चालकाची वेगळी सोय असते. तो त्याच्या सवयीनं बसतो. मला वाटलं, त्याला तेच आवडतं."

"इचारलं होतं काय त्याले?"

भगवंतरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

मग त्यांनीच जाऊन योहानला हाताला धरून आत नेलं. तो आधी येईना, टोपी हातात फिरवत राहिला. रुख्मिणीनं आपल्या कॉलेजातल्या इंग्रजीत सांगितलं, "तुम्ही बसल्याशिवाय माझी आजी जेवणार नाही." हे त्यानं दोनदा विचारून घेतलं. मग आजींच्या शेजारच्या खुर्चीवर बसला.

आणि आजींनी मला मागवलं. सरोवराकाठच्या गवतावर मांडी घालून त्यांनी ठेचा कुटला. खालच्या मजल्याची भीती नव्हती, खाली नुसती जमीन. आत टेबलावर योहाननं बोटभर चाखला. त्याच्या मिशा थरथरल्या, डोळ्यांतून पाणी आलं, त्यानं पाण्याचा एक जग रिकामा केला, दुसरा केला. सरोवराचं पाणी त्या दुपारी दोन बोटं खाली गेलं होतं. मग त्यानं पाव पुढे केला, आणखी मागितला.

आजींनी भाताचा घास घेतला. महादेवरावांनी तोंड फिरवून उपरण्यानं डोळे पुसले आणि मिरचीवर ढकललं. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "थोडा इकडं बी वाढा व बाई." संध्याकाळचं विमान आमच्याशिवाय गेलं.

दुसऱ्या दिवशी योहान डोंगरावर आजींना हात देऊन चालला. मला आजींनी पिशवीत घेतलं होतं. रुख्मिणीनं साडी-मोज्यांसकट बर्फात गुडघे टेकले. मूठभर बर्फ उचलून ती पाहत राहिली, खाल्ला नाही, फेकला नाही.

"कसा हाये व?" आजींनी विचारलं.

"भुसा नाही याच्यात," ती म्हणाली.

आता मी रुख्मिणीच्या सासरी आहे. आजी नाहीत. मला वर्षातून दोनदा बाहेर काढतात, बाकी फळीवर असतो. अंगावर थोडा गंज आहे. मित्रांनो, जुन्या भांड्यांना अधूनमधून तेलाचा बोळा फिरवा, एवढं मी मागतो. पण आधी दुसरं काम करा. गाडीतून उतरून भुकेनं आत पळाल, तेव्हा दारातच थांबा आणि ज्यानं तुम्हाला आणलं त्याला विचारा, तुम्ही जेवलात का. तो हो म्हणाला, तरी एकदा पुन्हा विचारा.