जावयाची चाल

राजूरचे तीन गडी कोंबडीने खाल्ले, तेव्हा रायभान नुकताच डाव्या बाजूने हल्ला चढवणार होता.

अंगणात त्याने सबंध मैदान मांडलं होतं. हसनाबादचे गडी म्हणजे मेंढीच्या लेंड्या आणि राजूरचे म्हणजे ज्वारीचे दाणे. हसनाबादकडे कोंबडी ढुंकूनही बघत नव्हती, याचा त्याला जरा अभिमान वाटला.

"अवो, बसा की एका जागी," गोपिकाबाई चुलीपासून म्हणाली. "सकाळधरनं निसते उठबस करून राह्यले. पोटात दुखतंय का?"

"राजूरची उजवी बाजू गेली," रायभान म्हणाला.

"गेली तर जाऊ द्या. दाणे माझे व्हते."

हा खेळ हसनाबादेत आणला अमेरिकेच्या एका पाद्र्याने. तो जालन्याहून मोटारीने धर्म सांगायला आला होता. लोकांनी धर्म ऐकून घेतला, त्याला ताक पाजलं आणि मोटारीत आळीपाळीने बसून पाहिलं. शेवटी निराश होऊन त्याने एक बॉल बाहेर काढला. दोन्हीकडून टोकदार, लांबट. खेळाचं नाव फुटबॉल, पण पायाचं काम कमी. बॉल छातीशी धरून पळायचं, चार डावांत दहा पावलं पुढे सरकायचं. समोरच्यांनी बॉलवाल्याला आडवा पाडायचा. तो पडला, किंवा नुसता जागेवर उभा राहिला, तरी डाव मेला. गावाने धर्म घेतला नाही, बॉल घेतला. निजामाच्या राज्यात दहा माणसं एकत्र जमली की शिपाई चौकशीला यायचा. बावीस माणसं एकमेकांच्या उरावर बसलेली पाहिली की मात्र तो समाधानाने परत जायचा. पाद्र्याची बदली झाली, तोवर पलीकडच्या राजूरलाही हा रोग लागला होता.

प्रत्येक संघाला डाव आखणारा एक माणूस लागतो, असं पाद्री सांगून गेला होता. गावाने त्याला मुकादम म्हटलं आणि ते काम रायभानला दिलं. सबंध कळप एका हाकेवर वळवणाऱ्या माणसाला अकरा गडी जड जाणार नाहीत, असा गावाचा अंदाज होता. अंदाज चुकला. रायभानची पहिली चाल मेंढरांवरून घेतलेली होती: एकाने पुढे घुसायचं, बाकीच्यांनी खाली मान घालून त्याच्या मागे जायचं. पुढचा गडी गडबडीत ओढ्याकडे वळला. मागचे दहाही शिस्तीत ओढ्यात गेले. शिस्तीचं मात्र दोन्ही गावांनी कौतुक केलं.

दुसरी चाल त्याला कुठून सुचली, देव जाणे. त्याने बॉल काकासाहेबाच्या हातात दिला. काकासाहेब गावातला सगळ्यात जाडा माणूस, पण त्याची बायको दुर्गाबाई राजूरची. राजूरचा एक धिप्पाड गडी त्याच्यावर धावून आला, तोंड पाहिलं आणि जागीच थबकला.

"राम राम, दाजी."

"राम राम."

"आक्का बरी हाये?"

"बरी हाये. गुडघे धरलेत जरा."

"मंग आणा की एकडाव तिला."

"आणतो. जरा सरकता का?" काकासाहेब पाय न थांबवता म्हणाला.

गडी सरकला. त्याच्या मागचाही सरकला. जावयाच्या अंगाला हात लावायची राजूरात कुणाची छाती नव्हती. काकासाहेब चालत चालत, वाटेत दोघांची खुशाली विचारत, शेवटच्या रेघेपलीकडे गेला. त्या दिवशी हसनाबादने रायभानला खांद्यावर घेतलं. तिथेही तो सारखा हलत होता, म्हणून लवकर खाली ठेवलं.

राजूरचा मुकादम रामराव गणपतीच्या देवळापाशी नारळ विकायचा. बाजारच्या दिवशी त्याने रायभानला गाठलं.

"रायभानभाऊ, तुमची चाल लई आवडली बरं का. येत्या चतुर्थीला आमीबी तीच करणार हावोत. बॉल रखमाजीकडं."

रायभानच्या हातातली काठी थांबली. राजूरचा रखमाजी म्हणजे त्याचा स्वतःचा जावई.

"आन ऐका," रामराव आवाज खाली करून म्हणाला. "खेळ झाला की बायनाला तिथूनच घेऊन जातो म्हणतेत. मान राह्यला तर. तुमी समजदार माणूस हाये."

बायना रायभानची एकुलती एक लेक. दिवाळसणाला रखमाजी सासरी आला होता आणि रीतीप्रमाणे जेवताना पाटावर रुसून बसला होता. सासऱ्याने दोनदा समजूत घालायची, जावयाने तिसऱ्यांदा हसायचं, एवढंच ते असतं. पण रायभान पहिल्या समजुतीच्या मध्येच उठला. मेंढ्यांच्या वाड्यात एक मेंढी विताना अडली होती. कोकरू सोडवून, हात धुऊन तो परत आला, तेव्हा ताट भरलेलं होतं आणि पाट रिकामा. तेव्हापासून बायनाला न्यायला कुणी आलं नाही. दोन दिवाळ्या झाल्या. त्या कोकराचा आता चांगला एडका झाला होता आणि दारात दिसला की गोपिकाबाई त्याला शिव्या द्यायची.

चतुर्थीपर्यंत रायभान कुठेच टेकला नाही. भाकरी उभ्याने खायचा. रात्री अंथरुणावरून उठून मेंढ्या मोजायचा आणि आकडा विसरून परत यायचा. गड्यांची वेगळीच पंचाईत होती. लेकीचा नवरा म्हणजे सगळ्या गावाचा जावई.

"मुकादम, एकदा सांगून टाका," संघातला दांडगा कारभारी म्हणाला. "पाडायचा का न्हाई?"

"न्हाई."

"मंग जाऊ द्यायचा?"

"तेबी न्हाई."

"मंग करायचं काय? हवेत धरायचा?"

रायभान दोन फेऱ्या मारून आला. "जागेवर उभा राह्यला तरी डाव मरतो ना? बराबर. मंग त्याला बसवायचा."

चतुर्थीच्या आदल्या दिवशी बायना अंगणात तांब्या घासत होती. आधी राखेने घासला, मग चिंचेने. तोंड दिसेल इतका लख्ख झाला, तरी घासतच होती.

"पाट कोणता नेता, दादा?" तिने बापाला विचारलं.

"दिवाळसणाचा."

तिने पाटही धुतला.

टेकडीखालच्या मोकळ्या रानात दोन्ही गावं जमली. रखमाजीने बॉल छातीशी धरला आणि सुटला. समोर कारभारी पाट मांडून उभा.

"या जावईबापू! बसा. दुरून आले."

रखमाजीचे पाय आपोआप थांबले. बसावं की नाही हे डोक्याला कळायच्या आत तो पाटावर होता आणि एक गडी त्याच्या पायांवर तांब्याने पाणी घालत होता. डाव मेला.

"अरं पळ की लेका!" रामराव ओरडला.

"पाय वले हायेत," रखमाजी म्हणाला.

दुसऱ्या खेपेला नारळ दिला. तो रामरावाकडूनच घेतलेला होता, त्यामुळे रामरावाला बिलकुल बोलता येईना. तिसऱ्या खेपेला कारभाऱ्याने शेला पांघरला. शेल्यातून बाहेर पडायला रखमाजीने अंमळ जास्तच वेळ घेतला. त्याची नजर कडेला गेली होती. तिथे बायना घागरीतून तांब्या भरून देत होती. तिने पदर सारखा केला. रखमाजी किंचित हसला. दोन दिवाळ्या राहिलेलं तिसऱ्या समजुतीचं हसू हेच, असं रायभानला वाटलं आणि तो आनंदाने कडेकडेने पळू लागला.

गुण बरोबरीत होते, ऊन उतरलं होतं आणि राजूरचा शेवटचा डाव होता. रामरावाने रखमाजीला जवळ ओढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने कानात म्हणाला, "आता थांबला ना, तर राजूरात तुला घरजावई म्हणतेन. पोरंसोरंसुदिक."

रखमाजीचं तोंड लाल झालं. बॉल हातात येताच तो खाली मान घालून सुटला. पाट ओलांडला. पाणी धरून बसलेला गडी बाजूला झाला आणि रखमाजीच्या पायाने तांब्या उडाला. मुद्दाम उडवला की चुकून उडाला, यावर दोन्ही गावांत अजून वाद आहे. तांब्या घरंगळत बायनाच्या पायापाशी येऊन थांबला. एका बाजूला चेपला होता. रखमाजीने मागे वळून पाहिलं, तांब्या पाहिला, तिला पाहिलं आणि पुढेच पळाला.

हसनाबादचे गडी रायभानच्या तोंडाकडे बघत सरकत होते. रायभान जागच्या जागी नाचत होता.

"दादा," बायना म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "पाडा त्याला."

"अगं पण..."

"पाडा म्हन्ते ना."

रायभान रेघ ओलांडून आत शिरला. त्या वयाचा माणूस तसा पळतो हे कुणाला ठाऊक नव्हतं. कळपातून बुजलेली मेंढी धरतात तसा त्याने जावयाचा मागचा पाय धरला. दोघेही मातीत आडवे झाले.

रायभान आधी उठला. रखमाजीचा पटका लांब पडला होता. तो त्याने उचलला, झटकला आणि जावयापुढे वाकून दोन्ही हातांनी धरला.

"लागलं न्हाई नव्हं, जावईबापू?"

"न्हाई."

रखमाजीने पटका घेतला. त्याने एकदा कडेला बघितलं. बायना तांब्याचा चेपलेला भाग अंगठ्याने दाबून बघत होती. मग तो एकटाच टेकडीवरून राजूरची वाट चढू लागला. हाक कुणी मारली नाही.

रामराव ओरडत होता, की बारावा माणूस आत आला, आता गुण आमचाच. बारावा माणूस आत आला तर काय करायचं, हे एकट्या पाद्र्याला माहीत होतं आणि तो साता समुद्रापार होता. वाद घालत घालत लोक पांगले.

रायभानचे दोन्ही गुडघे सोलले होते. तो कडेने येरझाऱ्या घालत होता. "जल्दी निघावं. गाडी जुपतो. तुझी माय वाट पाहून राह्यली असन. तिला काय सांगावं... गाडी जुपतो."

बायनाने मैदानातून पाट उचलून आणला आणि त्याच्यापुढे मांडला.

"बसा."

"अगं तो जावयाचा..."

"पाट हाये, दादा. बसा की."

रायभान बसला. घागरीत तळाला थोडं पाणी उरलं होतं. ते तिने चेपलेल्या तांब्यात ओतलं आणि त्याच्या गुडघ्यांवरची माती हळूहळू धुऊ लागली. टेकडीपलीकडे कुठेतरी एक मेंढी ओरडली, अडल्यासारखी. रायभानची मान तिकडे वळली.

तो उठला मात्र नाही.